एका हाताचं प्रलंबित प्रकरण

माझ्याकडे एक रेकॉर्ड प्लेअर आहे आणि त्याला हात नाही. पातुरात हे वाक्य मी ज्यांना ज्यांना सांगितलं, त्या प्रत्येकानं आधी माझ्या हातांकडे पाहिलं आणि मग चहा मागवला. तुम्हीही घ्या. साखर कमी वाटली तर आतल्या दिशेनं बोलू नका. त्या विभागाकडे माझ्या दोन तक्रारी आधीच पडून आहेत.

प्लेअर मामांचा. मामा अकोल्याला एका जिनिंगमध्ये हिशेब लिहायचे आणि संसारातून वाचलेला पैसा रेकॉर्डींवर घालायचे. ते गेल्यावर वाटणीत घर एकाला गेलं, शेत दुसऱ्याला, आणि ही साडेतेरा किलोची विलायती पेटी माझ्याकडे बिनविरोध आली. बनावट साठच्या दशकातली. कंपनीचं नाव घेत नाही, कारण प्रकरण अजून मिटलेलं नाही. अकोला ते पातूर अंतर तीस-बत्तीस किलोमीटर. तेवढ्या प्रवासात टेम्पोवाल्यानं पेटीवर गव्हाचं पोतं ठेवलं. मोटर वाचली, थाळी वाचली, हात गेला. हाताच्या मागच्या टोकाला तोल सांभाळणारं एक पितळी वजन असतं, ते तेवढं शाबूत निघालं. त्या वेळी आमच्या गोठ्याची भिंत चालू होती. मिस्त्रीनं ते वजन उचललं, त्याच्या भोकातून दोरी ओवली आणि ओळंबा म्हणून वापरायला घेतलं. गोठ्याची भिंत आजही सरळ आहे. आमच्या घरात सरळ असलेली ती एकमेव भिंत.

मग पेटी माळ्यावर गेली आणि मी नोकरी करत राहिलो. एकूण ३४ वर्षं आवक-जावक रजिस्टर सांभाळलं. निवृत्तीच्या दुसऱ्याच दिवशी पेटी खाली काढली. मला वाटलं, हात नाही ना, मग हात मागवू. मागणीपत्र, तीन दरपत्रकं, मंजुरी, पुरवठा, महिनाभराचं काम. राजेहो, या गोष्टीला आता तिसरा उन्हाळा लागला आहे.

आधी नावापासूनच बघा. याला म्हणतात टोनआर्म. आजोबांच्या काळात चावीचा ग्रामोफोन होता, तेव्हा त्या शब्दाला काही अर्थ होता. हात पोकळ असायचा, सुईनं उचललेला आवाज त्याच्यातूनच कर्ण्यात जायचा. १९०३ च्या सुमाराला अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीच्या एल्ड्रिज जॉन्सननं तो निमुळता हात पुढे आणला आणि तेव्हापासून हे नाव चिकटलं. आता हातातून आवाज जातच नाही, केसासारख्या बारीक चार तारा जातात. म्हणजे पद रद्द झालं, पदनाम चालू आहे. यावर मला आश्चर्य वाटत नाही. आमच्या कार्यालयात टंकलेखन यंत्र गेल्यावरही टंकलेखक होतेच. पण मराठीत या वस्तूला नावच नसावं, हे लागतं. रेकॉर्डला आपण तबकडी म्हणालो, ध्वनिमुद्रिकाही म्हणालो, आणि बिचाऱ्या हाताला काहीच म्हणालो नाही. मी ‘स्वरभुज’ असा प्रस्ताव घरात मांडला. सौ. म्हणाली, “नाव ठेवलं, आता बारसं घालाचं का?” प्रस्ताव दफ्तरी दाखल.

आजोबांना निवड करावी लागली नाही, हे त्यांचं सुख. त्या ग्रामोफोनची ध्वनिपेटी सुईवर शंभर ग्रॅमहून जास्त भार टाकायची, लोखंडी सुई दर रेकॉर्डीला बदलायची, आणि रेकॉर्ड झिजली तर ती रेकॉर्डीची चूक. मामांच्या पिढीला मात्र इंग्रजांनी एक नवीन छंद लावून दिला. स्विंडनच्या गॅरार्ड कंपनीची ३०१ ही मोटर १९५४ मध्ये आली. नुसती मोटर आणि थाळी. हात ज्याचा त्यानं आणायचा. म्हणजे बैल आमचा, जू तुमचं. मग १९५९ मध्ये ससेक्समधल्या स्टेनिंगच्या एसएमई कंपनीनं हात विकायला काढले. ही मंडळी मूळची छोट्या प्रतिकृतींचे सुटे भाग बनवणारी. मालकाला स्वतःच्या घरी चांगला हात हवा होता म्हणून एक बनवला आणि तो इतरांनाही आवडला. साठ वर्षं हे चाललं. २०१९ च्या अखेरीस त्यांनी सुटे हात विकणं थांबवलं. यात त्यांचा काही दोष नाही. निवृत्ती माझीच उशिरा झाली.

तर हात बाजारातून जुना शोधायचा. त्यासाठी सल्ला घ्यायचा. इथे मी आयुष्यातली मोठी चूक केली आणि तीन माणसांना फोन केला. पुण्याचे गृहस्थ म्हणाले, नऊ इंची हात घ्या, दुसरा विचार करू नका. नागपूरचे म्हणाले, बारा इंचीच, नऊ इंची म्हणजे पोराटोरांचा खेळ. मुंबईचे सगळं शांतपणे ऐकून घेऊन म्हणाले, “तुम्ही प्लेअरच बदला.” तिघांनी शेवटी एकच प्रश्न विचारला: कार्ट्रिज, म्हणजे हाताच्या टोकाला सुई धरणारी डबी, कोणती लावणार? मी म्हटलं, आधी हात ठरू द्या. तिघंही हसले. वेगवेगळ्या शहरांत, वेगवेगळ्या दिवशी, पण तेच हसू.

कारण असं आहे म्हणे की हात कार्ट्रिजवर अवलंबून आणि कार्ट्रिज हातावर. उत्पन्नाचा दाखला हवा तर रहिवासी दाखला आणा, रहिवासी हवा तर उत्पन्नाचा. मी तर या खिडकीच्या आतल्या बाजूला बसलेला माणूस. मला बाहेर उभं राहण्याची सवय नव्हती.

मग गणित शिकलो. हाताचं परिणामी वजन घ्यायचं. हे तराजूवरचं वजन नव्हे, हलवताना सुईला जाणवणारं. मूळ वेतन आणि हातात पडणारं वेतन यांत जो फरक असतो, तोच इथे. त्यात कार्ट्रिजचं वजन आणि स्क्रूंचं वजन मिळवायचं, बेरजेला कार्ट्रिजच्या लवचिकपणाच्या आकड्यानं गुणायचं, वर्गमूळ काढायचं, आणि त्यानं १५९ ला भागायचं. उत्तर आठ ते बारा हर्ट्झच्या मध्ये आलं तर लग्न जमलं.

का, ते आमच्या बशीत बसल्यावर कळतं. रिकामी बस असली आणि कमानी ताठ असल्या, की खड्डा थेट मणक्यात. बस खच्चून भरलेली आणि कमानी नरम, की खड्डा संपून फर्लांगभर झाला तरी बस आपली डुलतच आहे. सुईच्या मागची रबरी गादी म्हणजे कमान, हात म्हणजे प्रवासी. जड हात आणि नरम कार्ट्रिज घेतलीत तर डुलणं फार खाली, पाच-सहा हर्ट्झवर येतं, आणि वाकलेल्या रेकॉर्डीचे उंचवटे नेमके तिथेच असतात. हलका हात आणि ताठ कार्ट्रिज घेतलीत तर ते वर, गाण्याच्या तळाशी जाऊन बसतं. आता वाकलेल्या रेकॉर्डी कुणाकडे असतात? ज्यांची खोली टिनाची आहे आणि ज्यांच्या जिल्ह्यात मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो त्यांच्याकडे. माझ्या बहुतेक रेकॉर्डींना आता पापडासारखी कड आली आहे. थाळी १.८ सेकंदांत एक फेरा घेते, आणि प्रत्येक फेऱ्यात माझी सुई घाट चढून उतरते. लंडनच्या गारठ्यात बसून ज्यांनी ही कोष्टकं केली, त्यांनी वऱ्हाडचा विचार केला होता का, हा माझा साधा प्रश्न आहे.

माझी निवड जपानी डेनॉनच्या डीएल-१०३ वर आली. साठच्या दशकात तिकडच्या नभोवाणीसाठी केलेली कार्ट्रिज, वजन साडेआठ ग्रॅम, स्वभावानं ताठ. लवचिकपणाचा आकडा पाच. सहा ग्रॅमच्या हलक्या हाताशी गणित मांडलं, उत्तर अठराच्या वर. नापास. मग कळलं की तो पाचाचा आकडा १०० हर्ट्झला मोजलेला असतो आणि आपल्याला १० हर्ट्झचा हवा, म्हणून जाणकार तो दुप्पट धरतात. म्हणजे नियमही आहे आणि नियमाचं शुद्धिपत्रकही आहे. दुप्पट धरून, बारा ग्रॅमचा हात घेऊन, पुन्हा मांडलं. अकरा. मी रात्री साडेदहाला सौ.ला उठवून ‘अकरा’ म्हणालो. तिनं घड्याळ पाहिलं आणि म्हणाली, “अजून वाजाचे आहेत.”

आता लांबीचा वाद. नऊ की बारा? इथे मला जे समजलं, त्यानं माझी झोप गेली, आणि तुमचीही जावी अशी इच्छा आहे. रेकॉर्ड कापणारी सुई कडेपासून मधल्या भागाकडे सरळ रेषेत जाते. वाजवणारी सुई मात्र एका खुंट्याभोवती कमानीत फिरते. त्यामुळे सुईचा कोन अख्ख्या बाजूत फक्त दोन ठिकाणी बरोबर येतो. स्वीडनच्या लोफग्रेननं १९३८ मध्ये आणि मग बेअरवाल्डनं १९४१ मध्ये हे सगळं गणितानं बसवून दिलं. रूढ हिशेबानं त्या जागा मध्यापासून ६६ आणि १२१ मिलिमीटरवर. बाकी सगळीकडे कमी-जास्त चूक. आमच्या नळालाही पाणी आठवड्यातून दोनदाच येतं, म्हणून मला ही गोष्ट लवकर पटली. हात लांब असला की चूक कमी होते, पण मग तो जडही होतो आणि पेटीबाहेरही येतो.

पण खरा अन्याय पुढे आहे. थाळीचा वेग ठरलेला, त्यामुळे कडेला सुईखालून सेकंदाला अर्धा मीटर खाच जाते आणि आत लेबलाजवळ पोचेपर्यंत जेमतेम वीस-एकवीस सेंटिमीटर. तेवढ्याच वेळाचं गाणं निम्म्याहून कमी जागेत दाटीवाटीनं बसवलेलं. आवाज सगळ्यात स्वच्छ कडेला, सगळ्यात चिरका आत. आता आपला ख्याल बघा. कडेला काय असतं? तंबोरा. सावकाश आलाप. एक ‘सा’ लावून गवई सुपारी चघळल्यासारखा बसलाय. तिथे कोन चुकला तरी कुणाला कळणार नाही. आणि आत काय असतं? द्रुत. ताना. तबल्याचा कडकडाट. जिथे सगळ्यात जास्त जागा लागते तिथे सगळ्यात कमी. माझ्याकडे वसंतराव देशपांड्यांच्या रेकॉर्डी आहेत. वसंतराव आमचे, मूर्तिजापुरात जन्मलेले. ‘कट्यार’मधले खाँसाहेब सगळ्या महाराष्ट्राचे झाले, तरी जिल्हा आमचाच. त्यांची तान म्हणजे घाटातून सुटलेलं पाणी. ती नेमकी लेबलापाशी येते आणि अरुंद गल्लीत वरात अडकावी तशी अडकते. ज्यांनी हा आराखडा केला, त्यांनी गाणं शेवटी थंड होतं असं गृहीत धरलं असावं.

बरं, हा प्रकार आजचा नाही. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जाननं गायलेल्या त्या अगदी सुरुवातीच्या रेकॉर्डींपासून गाणाऱ्यांनी शेवटी स्वतःचं नाव सांगायची पद्धत होती. शेवटी म्हणजे आतल्या कडेला. म्हणजे गाणारीचं गाणं नीट ऐकू यावं आणि नाव खरखरीत! आकस असल्याशिवाय इतकं अचूक घडत नाही.

हात मिळाला. जुना जपानी, नऊ इंची, इंग्रजी एस अक्षरासारखा वाकडा, बारा ग्रॅम. विकणारा दूर शहरातला. त्यानं पाठवायला काढला तर कुरिअरवाल्यानं विचारलं, डब्यात काय? यानं सांगितलं, आर्म. “हत्यार चालत नाही.” दोन दिवसांनी ‘सुटा भाग’ लिहून पार्सल निघालं आणि पाथर्डीला गेलं. तिथून परत फिरवलं तर पाथरीला. तिसऱ्या वेळी ते अकोला जिल्ह्यात आलं, तेव्हा मी देव्हाऱ्यात दिवा लावणार होतो. पण ते पातूर नंदापूरला उतरलं. पातूर हे तालुक्याचं ठिकाण आहे, इथे डोंगरात लेणी आहेत, टेकडीवर रेणुकामाता आहे. तरी त्या पार्सलाच्या दृष्टीनं आम्ही नकाशावरची अफवा होतो.

आता हात बसवायला लाकडी फळी हवी. फळीला भोक हवं. थाळीच्या मधल्या खुंटीपासून त्या भोकाच्या मध्यापर्यंत अंतर २१५ मिलिमीटर हवं. २१४ नव्हे, २१६ नव्हे. आमच्या वाढयानं सागवानाची सुंदर फळी काढली, तिच्यावर हात फिरवला आणि म्हणाला, “किती सूत?”

वाढई सुतात मोजतो. एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सव्वातीन मिलिमीटरच्या जवळ. मी म्हटलं, “दादा, अर्धा मिलिमीटर हललं तरी चालत नाही.”

“मंग मी अर्धा सूत धरतो.”

“अर्धा सूत म्हणजे दीड मिलिमीटरच्या वर होते ना.”

त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की मी सागवानाचाच अपमान केला. “सायेब, या गावातले अर्धे दरवाजे माह्या हातचे हायेत. कोनाचा दरवाजा अडकून राह्यला का?”

या युक्तिवादाला बेअरवाल्डकडेही उत्तर नसावं. मी कागदावर कोष्टक छापून आणलं, फळीवर चिकटवलं, वाढयाला माझा चष्मा दिला. पहिलं भोक २१८ वर पडलं. दुसऱ्या फळीचं २१३ वर. तिसरं २१५ वर पडलं, तेव्हा वाढयाच्या चेहऱ्यावर काहीच नव्हतं. त्याच्या मते तिन्ही एकाच जागी होती. उरलेल्या दोन फळ्यांवर सौ. कणीक मळते, आणि त्यातल्या एकीच्या भोकात तिनं लाटणं उभं करायची सोय केली आहे. संपूर्ण प्रकल्पातली यशस्वी झालेली बाब ती.

हाताच्या उंचीचा प्रश्न मी नाण्यांनी सोडवला. त्याची चौकशी करू नका.

उरला सुईवरचा भार. डीएल-१०३ ला अडीच ग्रॅम लागतात. अडीच ग्रॅम मोजायचे तर काटा सोनाराकडे. त्यानं पेढीवरचा काटा घराबाहेर न्यायला नकार दिला, जे योग्यच आहे, म्हणून मी साडेतेरा किलोची पेटी ऑटोत घालून काट्याकडे नेली. पेढीवर दोन बाया पोत ओवून घ्यायला बसल्या होत्या. त्यांनी पेटीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पदर सावरून एकमेकींकडे पाहिलं. मी अगदी हलक्या हातानं सुई काट्यावर टेकवली. काटा म्हणाला, फार जास्त. मागचं वजन शेवटच्या आट्यापर्यंत मागे घेतलं. तरी सात ग्रॅम. हात पुढच्या बाजूला इतका जड की मागचं वजन त्याला पुरतच नव्हतं.

“किती पाहिजे?” सोनार.

“अडीच.”

“आन् भरलं सात?” त्याच्या डोळ्यांत पहिल्यांदाच माझ्याबद्दल आदर दिसला. “मंग कमी काहून करता, राजा?”

अडीच ग्रॅम म्हणजे जुन्या हिशेबानं वीस गुंजा, हे मी त्याला समजावून सांगितलं. वीस गुंजांसाठी ऑटोचं भाडं कोण देतं, हे त्यानं मला समजावून सांगितलं. तोडगा निघाला नाही. संध्याकाळी किराणा दुकानात एकानं आस्थेनं खांद्यावर हात ठेवून विचारलं, “पेन्शन थांबली का, भाऊ? बाजा गहान टाकला म्हनते.” दुसऱ्या दिवशी शाळेतले एक जुने मित्र घरी आले, इकडचं तिकडचं बोलले आणि जाताना टेबलावर पाचशेची नोट ठेवून गेले. ती परत करायला गेलो तर त्यांच्या बायकोच्या डोळ्यांत पाणी.

तर हाताला मागे जड वजन हवं. जुन्या काळचं, भरीव, पितळी. मी विकणाऱ्याला फोन केला. तो म्हणाला, तसं वजन आता मिळत नाही. मात्र त्या काळातल्या एखाद्या मोडक्या हाताचं सापडलं आणि भोक जमलं तर काम होईल. फोन ठेवला आणि मी बराच वेळ गोठ्याच्या भिंतीकडे बघत बसलो.

मिस्त्री सापडला. म्हातारा झालाय, पण काम सोडलेलं नाही. बसस्टँडच्या मागे एका दुमजली घराच्या परांचीवर होता. खालूनच दिसलं: दोरीला लोंबकळत, उन्हात चमकत, मामांचं वजन. पंधरा वर्षांत त्यावर एक ओरखडा नाही. मी खिशातली मोजपट्टी काढली, भोक मोजलं. जमत होतं. तराजू नव्हता, पण हातात घेतल्यावर कळलं, हेच.

मी त्याला सगळं सांगितलं. वसंतराव, आतली कड, १५९, सोनार, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग दोरी माझ्या हातातून हळूच सोडवून घेतली.

“देतो ना, सायेब. तुमचंच हाय. पन हा ओळंबा असा बसला हाय हाताले, दुसऱ्यानं भिंत येत नाही. स्लॅब पडू द्या.”

काल जाऊन पाहून आलो. भिंत खिडकीच्या चौकटीपर्यंत आली आहे. मालक म्हणाले, रेतीची अडचण आहे, आणि वरचा मजला बांधायचा की नाही यावर घरात अजून विचार चालू आहे.